अतिस्वच्छ पाण्यातलं उपाशी प्रवाळ

टॉर्च, हॅमर, ब्रेन या नावांनी विकले जाणारे मोठ्या पॉलिपचे दगडी प्रवाळ घरच्या टाकीत अनेकदा मालकाच्या उत्साहालाच बळी पडतात.

सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे, पाणी जितकं शुद्ध तितकं प्रवाळ खूश. त्यापायी नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणायची धडपड चालते. पण प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात. ती प्रकाशावर बनवलेल्या अन्नातला मोठा वाटा प्रवाळाला देतात, आणि त्यांना नायट्रोजन, फॉस्फरस लागतोच. दोन्ही संपले की रंग उडतो, मांस आकसतं आणि वाळूवर डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, चिकट थर पसरू शकतो. नायट्रेट 5 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.05 पीपीएमच्या आसपास असलं तर काही बिघडत नाही. मात्र मीठ कालवायला पाणी आरओडीआयचंच, म्हणजे क्षार पूर्ण काढून टाकलेलं, घ्यावं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, कधी तांबंही.

अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, वाढवली की वाढ झपाट्याने होते, हाही असाच एक समज. समुद्रात ती साधारण 7 डीकेएच (ती मोजण्याचं एकक) असते. टाकीत 8 वर टिकली तरी पुरे. एका रात्रीत 8 ची 11 केली, तर सांगाड्यावरचं मांस सुटू लागतं.

‘प्रवाळ म्हटलं की कडक प्रकाश’ हे उथळ पाण्यातल्या फांदीदार ॲक्रोपोरांना बऱ्याच अंशी लागू पडतं. ट्रॅकिफिलियासारखं ब्रेन प्रवाळ मात्र मऊ, गाळवट तळावर राहतं. ते खडकावर, दिव्याखाली नेऊन ठेवलं की विरंजन ठरलेलंच! पंपाचा झोतही थेट अंगावर नको, कारण फुगलेलं मांस स्वतःच्याच धारदार सांगाड्यावर फाटतं.

दिवसा शांत डुलणारं टॉर्च रात्री लांब दंशतंतू सोडून शेजाऱ्याला भाजतं. म्हणून 15 सेंटीमीटर तरी अंतर ठेवावं. खाऊ म्हणाल, तर आठवड्यातून एकदा-दोनदा थोडी मायसिस कोळंबी पुरते.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी 25-26 अंशांवर ठेवायला बहुधा चिलर लागतोच. खर्च मांडताना नेमका तोच विसरला जातो.

आणि मालवणच्या समुद्रातून एखादा तुकडा आणू म्हणाल, तर तो गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून सगळे दगडी प्रवाळ आहेत. परदेशातून येणाऱ्या प्रवाळांनाही साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा परवाना लागतो. दुकानदाराकडे तो आधी मागावा, भाव नंतर विचारावा.