रबरी सूट धुताना



अश्दोद-अश्केलोनच्या किनाऱ्यावर आपल्यातली काही मंडळी आता हिवाळ्यातही समुद्रात उतरतात. मीही त्यांच्यातलीच, गुडघ्यांसाठी. फेब्रुवारीत इथले पाणी 17-18 अंशांपर्यंत उतरते, म्हणून अंगात रबरी सूट घालावा लागतो. लाटांवर खेळणारी नातवंडे त्याला खलिफत ग्लिशा म्हणतात. तो घालायचा कसा हे दुकानदार सांगतो, पण धुवायचा कसा हे कोणी सांगत नाही. आणि नातवंडांचे सूट बहुतेक घरांत आजीच धुते!

हे रबर म्हणजे निओप्रीन. 1930 साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत ते तयार झाले. सुटाच्या निओप्रीनमध्ये वायूचे अगदी बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. सूट घालून पाण्यात गेले की थोडे पाणी आत शिरते, अंगाच्या उष्णतेने कोमट होते, आणि बुडबुडे ती ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. म्हणजे तासभर आपण स्वतःच्याच घामामिठाच्या पाण्यात भिजत असतो. किनाऱ्यावरच्या नळाखाली सूट अंगात असतानाच बाहेरून धुतला की पुष्कळांना वाटते काम झाले. वॉर्डात आम्ही जखमेची पट्टी काढली की तिची आतली बाजू आधी बघत असू. सुटाचेही तेच आहे, कातडीला लागते ती आतली बाजू.

तेव्हा घरी आल्याबरोबर सूट उलटा करावा आणि टबात गार किंवा जेमतेम कोमट गोड्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावा. दूद शेमेशचे कडकडीत पाणी नको, उष्णतेने निओप्रीन कडक होते. मग हाताने दाबून दाबून पाणी काढावे आणि दुसऱ्या पाण्यात पुन्हा खळबळावे. पोहण्याच्या तलावातून आला असाल तर हे त्याच दिवशी कराच, क्लोरीन रबराला मिठापेक्षा जास्त खाते. वास येत असेल तर सुटाचा खास शाम्पू मिळतो. तो नसेल तर लहान मुलांच्या शाम्पूचे चार थेंब पुरतात. ब्लीच, कपडे मऊ करायचे औषध, वॉशिंग मशीन, ड्रायर, इस्त्री, यांतले काहीही नको. पिळायचाही नाही.

एक गोष्ट स्पष्टच सांगते. पाण्यात गार वाटले की लघवी सुटते. तरुणांची सुटते, आपल्या वयात तर ती थांबवणेच अवघड. त्यात लाजण्यासारखे काही नाही, पण तो सूट तसाच बाल्कनीत टाकून ठेवू नका. लघवीचा अमोनिया नाजूक कातडीला झोंबतो, आणि मांडीच्या सांध्यात लाल चट्टे उठतात.

वाळवायचा सावलीत, वारा लागेल अशा जागी. खांद्यावर टांगला तर पाण्याच्या वजनाने खांदे ताणून पातळ होतात, म्हणून कमरेत दुमडून जाड दांडीवर टाकावा. आधी आतली बाजू पूर्ण वाळू द्यावी, मग सुलटा करावा. गाडीच्या डिकीत ओला गोळा करून ठेवणे सगळ्यांत वाईट. डिकी उन्हात भट्टीसारखी तापते, आणि ओल, ऊब व अंधार जंतूंना फार मानवतात. असा सूट पुन्हा घातला की दोन दिवसांत केसांच्या मुळाशी खाजणारे लाल पुरळ येऊ शकते. धडधाकट माणसाचे ते बहुधा आपोआप जाते. मधुमेह असेल तर वाट बघत बसू नका, कुपात होलिमच्या डॉक्टरांना दाखवा.

चेन गोड्या पाण्याने धुवून वर-खाली करावी, अडली तर मेणबत्ती घासावी. सूट घालताना अंगाला व्हॅसलीन लावण्याची सवय काहींना असते, पण बनवणारे ते नको म्हणतात.

नीट न सांभाळलेला सूट कडक आणि घट्ट होतो, ही मला वासापेक्षा मोठी गोष्ट वाटते. आपली कातडी वयाने कागदासारखी पातळ झालेली असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर घट्ट बाही ओढताना मनगटाजवळ सालटे निघते आणि रक्त लवकर थांबत नाही. गळ्याशी घट्ट सूट मानेतल्या शिरा दाबतो, आणि चक्कर येऊ शकते. गळ्यात दोन बोटे सहज शिरत नसतील तर तो सूट कितीही महाग असो, नातवाला द्या. अंगठ्या काढून, नखे कापून, खुर्चीवर बसून घालावा. पावलात प्लॅस्टिकची पिशवी चढवली की पाय सर्रकन आत जातो. काढतानाही बसूनच काढा, आणि सोबतीला कोणीतरी असू द्या.

एवढे सगळे करूनही जिथे सूट लागतो बरोबर तिथेच पुरळ येत असेल, तर तो मळ नव्हे, ॲलर्जी असू शकते. निओप्रीन बनवताना थायोयुरियाच्या जातीची रसायने वापरतात आणि ती काहींना सोसत नाहीत. मग कितीही धुतले तरी उपयोग नाही. कातडीचे डॉक्टर पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी करतात. ही ॲलर्जी सूट न घालणाऱ्यांनाही होते, कारण गुडघ्याचे, कमरेचे आणि मनगटाचे पुष्कळसे काळे पट्टे याच निओप्रीनचे असतात. तेही वर सांगितल्याप्रमाणेच गार पाण्यात उलटे धुवा, आणि डॉक्टरांकडे जाताना सुटाबरोबर घरातला पट्टाही पिशवीत घाला.