माळ उतरवली तर?

फलटणला चैत्रात घोड्याची यात्रा भरते तेव्हा महानुभाव पंथाची माणसं लांबलांबून येतात. या पंथाला आपण शतकानुशतकं काय काय म्हटलं! पोथ्या सांकेतिक लिपीत, अंगावर काळी वस्त्रं, इतर देवांना नमस्कार नाही, बायकांनाही संन्यास. म्हणजे आत काहीतरी काळंबेरं असणारच. ‘मानभावी’ हा शब्द आजही आपण ढोंगी या अर्थाने सहज वापरतो, आणि तो आला महानुभाव या नावावरूनच. त्या सांकेतिक पोथ्या उकलल्या तेव्हा आत निघालं काय? ‘लीळाचरित्र’, मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ.

‘कल्ट’ हा शब्द आता मराठी वर्तमानपत्रांतही रुळला आहे. तो कुणाला चिकटवायच्या आधी फलटण आठवावं. श्रद्धा जगावेगळी आहे एवढ्यावरून कुठलाही पंथ घातक ठरत नाही. पहिला गैरसमज हाच.

दुसरा गैरसमज: गुरू आला की कल्ट आलाच. सातारा जिल्ह्यात हे म्हणणारा माणूस आपलाच मुलूख विसरतो. सज्जनगडावर रामदासांची समाधी आहे, गोंदवल्याला ब्रह्मचैतन्य महाराजांची. गोंदवल्यात प्रसादाच्या पंगतीला बसायला कुणाचा अनुग्रह घेतलेला लागत नाही. जेवायचं आणि दुपारची एसटी धरायची. आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. दिंडीत शिस्त कडक असते. पण एखाद्याने पुढच्या वर्षी वारी चुकवली, अगदी गळ्यातली माळ उतरवली, तर काय होतं? घरातली म्हातारी चार दिवस बोलत नाही. जमीन, नोकरी, बायकोमुलं जिथल्या तिथे राहतात. माझ्या मते संप्रदाय आणि कल्ट यांतली रेघ इथेच आहे. आत जाताना सगळ्यांचं स्वागतच होतं. बाहेर पडणाऱ्याचं काय होतं, ते बघावं.

तिसरा गैरसमज सगळ्यात खोल रुजलेला: अशा ठिकाणी अडाणीच फसतात. 20 मार्च 1995 रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो या पंथात विज्ञान शिकलेली तरुण मुलं होती. वायू सोडणाऱ्यांपैकी एक तर हृदयशल्यविशारद होता. शिक्षणाने माणसाला हुशारी येते. एकटेपण जात नाही. घरात मृत्यू, मोडलेलं लग्न, परक्या शहरातली पहिली नोकरी अशा पोकळीत कुणीतरी प्रेमाने विचारपूस करतं, आणि माणूस ओढला जातो.

‘मग सोडून का येत नाही?’ हा प्रश्न आपण फार सहज विचारतो. आमच्या ओळखीतल्या एका बाईंची मुलगी अशा एका मंडळात गेली. तिचा फोन नेहमी स्पीकरवर असतो. आई विचारते, “जेवलीस का गं?” उत्तर येतं, “आम्ही आनंदात आहोत.” ती ‘मी’ म्हणत नाही. काही वेगळं विचारलं की मागून कुणाचा तरी बारीक आवाज येतो आणि तेच वाक्य पुन्हा. पगार तिकडे जातो, जुन्या मैत्रिणी तुटल्या आहेत. उद्या ती बाहेर पडली तर जाणार कुठे?

रॉबर्ट जे लिफ्टन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने चीनमध्ये सक्तीच्या मतपरिवर्तनातून गेलेल्यांच्या मुलाखती घेतल्या आणि 1961 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात त्याने अशा बंदिस्त वातावरणाची आठ लक्षणं मांडली. कोण कुणाशी बोलणार यावर ताबा, सतत चुकांची कबुली, ठरावीक शब्दांतच बोलणं, शंका म्हणजे पाप. देवाचं नाव त्यात असायलाच हवं असं नाही. 18 नोव्हेंबर 1978 रोजी गयानातल्या जोन्सटाउन या एका पंथाच्या वसाहतीत नऊशेहून अधिक माणसं मेली, तिथेही सुरुवात विष देऊन झाली नव्हती. आधी पैसा, मग नाती, मग पासपोर्ट, असं एकेक सुटत गेलं होतं.

राहिला कायदा. भारतीय कायद्यात ‘कल्ट’ची व्याख्या नाही, आणि ते बरंच आहे, श्रद्धेवर शिक्का मारण्याचा अधिकार सरकारच्या हाती देऊ नये. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं महाराष्ट्रातल्या ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झगडले, त्यावर तो धर्मबुडवा असल्याचा आरोप झाला. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. तो वाचून बघा. यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, भजन यांना त्यात स्पष्टपणे वगळलं आहे. गुन्हा ठरतात त्या कृती: गुप्तधनासाठी अघोरी कृत्य, अवतार असल्याचं सांगून लैंगिक शोषण, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. जून 2022 मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये एकाच कुटुंबातले नऊ जण मृत सापडले. आधी सामूहिक आत्महत्या वाटली. पुढे पोलिसांनी गुप्तधनाच्या आमिषातून झालेला खून म्हणून तपास केला. तो कल्ट नव्हता, मांत्रिकाचा फास होता. पण कायद्याला हा फरक करावा लागत नाही, हीच त्याची ताकद.

पंथ किंवा जात सोडली म्हणून वाळीत टाकलं, तर त्यासाठी 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

घरातलं कुणी असं आत ओढलं गेलं असेल तर त्याच्या गुरूला शिव्या देऊ नका. त्यानेच भिंती उंच होतात. फोन करत राहा, सणाला बोलवा, त्याची खोली तशीच ठेवा. आणि मारहाण, शोषण, उपचार अडवणं असं काही कळलं तर त्याच दिवशी पोलिसांत जा. जादूटोणाविरोधी कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत.