खुराड्यातले खत, परसातली वांगी

घरात आठ-दहा कोंबड्या असल्या की खुराडे झाडण्याचे काम घरच्या बाईकडे येते आणि झाडलेले सगळे उकिरड्यावर जाते. शेतकरी भगिनींनो, हे फेकू नका. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का असते. कोंबडखतात ते ३ टक्क्यांच्या आसपास, शिवाय स्फुरद अडीच टक्के. वांग्यासारख्या तीन-चार महिने तोडे देणाऱ्या खादाड पिकाला असेच खत हवे.

पण ताजे घालू नये. ताज्या विष्ठेतून अमोनिया वायू निघतो, ढीग तापतो आणि बुंध्याशी घातले तर कोवळी मुळे करपतात. दोन दिवसांत रोप माना टाकते, आणि दोष मात्र बियाण्याला दिला जातो! म्हणून एक पाटी विष्ठेला दोन पाट्या पालापाचोळा किंवा भाताचे तूस घेऊन सावलीत थर लावावेत. पाणी बेताचे शिंपडावे, पंधरवड्याने ढीग वरखाली करावा, पावसात वर छप्पर असावे. दोन-तीन महिन्यांत वास जातो, ढीग गार होतो, खत मातीसारखे भुसभुशीत होते. तेव्हा ते तयार समजावे.

एक सवय मात्र मोडायला हवी. वास मारावा म्हणून खुराड्यात चुलीतली राख टाकतात. राखेने नत्र वायुरूपाने उडून जाते. राख वेगळी ठेवावी; तिच्यातले पालाश जमिनीला हवेच आहे.

लागणीचे अंतर ९० × ७५ सेंटिमीटर धरले तर गुंठ्यात दीडशे रोपे बसतात. लागणीआधी आठवडाभर प्रत्येक आळ्यात पाव किलो कुजलेले खत मातीत मिसळावे. म्हणजे गुंठ्याला चाळीस किलोच्या आत भागते. मांजरी गोटा असो की कृष्णाकाठची काटेरी वांगी, हात सैल सोडू नका. नत्र जास्त झाले की झाड नुसते पानावर जाते आणि तुडतुडे व शेंडे-फळे पोखरणारी अळी त्यावर तुटून पडतात. वाळलेला शेंडा दिसताच अळीसकट खुडून नष्ट करावा.

वांग्यात नव्वद टक्क्यांवर पाणीच असते, तेव्हा खताने त्याचे औषध होईल असे मी सांगणार नाही. त्यात तंतू आहेत, पालाश आहे, जांभळ्या सालीत उपयोगी रंगद्रव्य आहे. साल काढू नये, बी टणक होण्याआधी तोडावे. आणि फळे लागल्यावर ताजी विष्ठा वाफ्यात मुळीच नको. तिच्यातले रोगजंतू फळांवरून स्वयंपाकघरात येतात.