बॉयलर थांबतो, कोयता थांबत नाही

साखर कारखाना हंगामभर अखंड चालतो, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. मी फिटर म्हणून अर्धी हयात घालवली ती थांबलेल्या कारखान्यात. गव्हाणीत मोळी पडून गाळप सुरू झालं, की साधारण महिनाभरानं, कधी त्याआधीही, कारखाना मुद्दाम थांबवावा लागतो. रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना आतून क्षाराचा थर धरतो. थर वाढला की वाफेची उष्णता रसाला लागत नाही. वाफ जास्त खर्ची पडते, रस पातळच राहतो, गाळप उतरत जातं. चाकं फिरत असतात, पण साखर कमी निघते. मग क्लीनिंग लागतं. बॉडीत, म्हणजे इव्हॅपोरेटरच्या भांड्यात, कॉस्टिक सोडा उकळायचा, थंड झाल्यावर माणूस आत उतरवायचा आणि एकेक नळी ब्रशनं खरवडायची. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते, गाडीवानांचा आरडाओरडा चालू असतो. चांगला चीफ इंजिनिअर तिकडं कान देत नाही. बॉडी पार चोंदायची वाटही तो बघत बसत नाही, क्लीनिंगची तारीख आधीच काढून ठेवतो. काही ठिकाणी एक बॉडी जादाची, स्टँडबाय, असते. एक धुवायला काढली की दुसरी लाइनवर घेतात, कारखाना बंद करायचीही गरज पडत नाही.

यंत्राला मिळतो तो विसावा ऊस तोडणाऱ्या माणसाला नाही. बीड जिल्ह्यातल्या आमच्या तेलगावच्या चौकात माजलगाव, धारूर, वडवणी आणि परळीचे रस्ते भेटतात. गावाला साखर कारखाना आहे, तरी दसरा-दिवाळीनंतर याच रस्त्यांवरून भागातली माणसं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं ऊसतोडीला जातात. माझे आईवडीलही जात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती टनावर फेडायची. जितकं तोडाल तितकं फिटेल. पहाटे अंधारात फडात शिरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. आणि ती गाडी कधी येईल याला धरबंध नाही. रात्री दोनला आली तर दोनला उठायचं. एक दिवस पडून राहिलं की खाडा. खाड्याचे 500 रुपये कापतात, असं अनेक मजुरांनी सांगितलेलं आहे.

बैलाचं मात्र तसं नव्हतं. अमावास्येला त्याच्या मानेवर जू ठेवत नसत. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी, म्हणजे राबलेला खांदा हळद-लोण्यानं चोळायचा, आणि पोळ्याला पुरणपोळी. बैलाला रजा मागावी लागत नव्हती, ती पंचांगातच लिहिलेली होती. आईला मात्र पाळीच्या दिवसांतही मुकादमाची परवानगी लागायची.

या बिनरजेच्या कामाचा शेवट कुठं झाला ते जिल्ह्याला माहीत आहे. 2019 मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. याची कारणं अनेक आहेत, पण खाड्याची धास्ती हे बायकांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं एक कारण आहे.

विसावा दिला तर तोड कमी होईल, हे मुकादमाचं ठरलेलं उत्तर. दिसायला ते हिशेबी वाटतं. पण मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमध्ये ऊसतोड्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली, तेव्हा काही संशोधकांनी फडात हलवता येणारी सावली उभी केली, पाठीवर पाण्याच्या पिशव्या दिल्या आणि ठरल्या वेळी सक्तीनं बसवलं. कोयताही सुधारून दिला. 2016 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात माणशी रोजची तोड 5.1 टनांवरून वाढत 7.3 टनांपर्यंत गेली. नव्या कोयत्याचा वाटा त्यात आहेच, मी तो लपवत नाही. पण बसल्यामुळं तोड घटली नाही, एवढं तरी उघड आहे.

कारखान्यांतही हेच दिसलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत बायका आठवड्याला सत्तर तास राबत. त्यांच्या कामाच्या नोंदी अर्थतज्ज्ञ जॉन पेनकॅव्हल यांनी पुन्हा तपासल्या. सत्तर तासांत निघालेला माल छप्पन्न तासांतल्या मालापेक्षा फारसा जास्त नव्हता, आणि रविवारची सुट्टी काढून घेतल्यानं नुकसानच होत होतं. मधले चौदा तास म्हणजे चोंदलेल्या बॉडीपायी बॉयलरमध्ये जाळलेला बगॅस, उसाचं चिपाड.

हा रविवार आपल्याकडं कुणी दान दिलेला नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेऊन तो मागितला. त्यासोबत दुपारची अर्ध्या तासाची सुट्टीही मागितली. रविवारची सुट्टी मंजूर व्हायला 10 जून 1890 उजाडला. तो रविवार फडापर्यंत अजून पोचायचाय.

विसाव्याची ही टंचाई फडापुरतीच नाही. पुण्यात आयटीत असलेली माझी सून बर्नआउटबद्दल बोलते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये त्याची व्याख्या केली. अंगातलं त्राण जाणं, कामाबद्दल मन उडणं, हातून नीट काम न होणं, तेही कामाच्या ताणावर तोडगा न निघाल्यामुळं. तिच्या रजा शिल्लक राहतात, कारण रजा घेतली की तिचं काम तिचीच वाट बघत पडून राहतं. तिच्या कंपनीत स्टँडबाय बॉडी नाही, दुसरं काय! सकाळी योगा कर, मोबाइल लांब ठेव, असले सल्ले तिला पुष्कळ मिळतात. नळीनं स्वतःला खरवडून घ्यावं, असं आम्ही कधी म्हटलं नाही.

माझा भाचा मुकादम आहे. त्याला मी म्हटलं, टोळीत एक बदली कोयता ठेव. पाळीपाळीनं एकेका जोडीला दिवस मोकळा दे, खाडा लावू नको.

"मामा, बदलीची उचल कुणी द्यायची? आन् ती बुडाली तर?"

त्याचं चूक नव्हतं. त्याचीही मान कारखान्याच्या करारात अडकलेली असते. मग आम्ही फुकटात काय होतंय ते बघायला बसलो. भर दुपारी सगळ्यांनी एकदम बसायचं, पाण्याची टाकी फडाच्या तोंडाशीच आणायची, याला तो लगेच कबूल झाला. घोडं अडलं ते रात्रीच्या गाडीवर. गाडीची वेळ कारखान्याचं शेतकी खातं लावतं, ती मुकादमाच्या हातात नाही. झोप मोडायची ती तिथंच मोडते. यंदा करार करताना रात्री दहा ते पहाटे चार गाडी लावायची नाही, एवढं कलम मागून बघतो म्हणाला. एकट्यानं मागितलं तर हसतील, म्हणून भागातले आणखी मुकादम जमवायला लागलाय.