संत्र्यांचा व्यापार आणि एकाच गिऱ्हाइकाचा आधार

जो देश सर्वाधिक पिकवितो तोच सर्वाधिक विकतो, असा एक सर्वसाधारण समज असतो. लिंबूवर्गीय फळांचा जागतिक व्यापार तो खोटा ठरवितो. या फळांचे सर्वांत मोठे उत्पादन चीनमध्ये होते. परंतु त्यातील बहुतांश फळे तेथेच खपतात. ताज्या फळांच्या निर्यातीत मात्र स्पेन व दक्षिण आफ्रिका हे देश अग्रेसर आहेत.

स्पेनचे बळ सान्निध्यात आहे. वॅलेन्सियाची फळे मालमोटारींनी थेट जर्मनी-फ्रान्सच्या बाजारांत पोहोचतात आणि वाटेत जकातीची भिंत नाही. दक्षिण आफ्रिकेचे बळ ऋतुचक्रात आहे. युरोपातील बागांचा हंगाम सरला की तिचा सुरू होतो. ब्राझीलने तिसरी वाट चोखाळली. १९६२ च्या डिसेंबरात फ्लोरिडातील बागा कडाक्याच्या थंडीने करपल्या आणि साओ पाउलो प्रांतातील रसाच्या धंद्यास चालना मिळाली. आज जगाच्या व्यापारातील ‘ऑरेंज ज्यूस’चा सुमारे तीन-चतुर्थांश भाग ब्राझील पुरवितो.

तथापि यांपैकी कोणतेही बळ अभंग नाही. फ्लोरिडात २००५ मध्ये ‘ग्रीनिंग’ रोग आढळला. तेथील संत्र्यांचे उत्पादन २००३-०४ मध्ये सुमारे २४ कोटी पेट्या होते. २०२४-२५ मध्ये ते सव्वा कोटीच्या आसपास आले. हाच रोग आता ब्राझीललाही ग्रासत आहे. २०२२ मध्ये युरोपीय संघाने किडीच्या कारणास्तव शीतप्रक्रियेची कडक अट घातली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेला जागतिक व्यापार संघटनेचे दार ठोठवावे लागले.

विदर्भाने यातून कोणता बोध घ्यावा? नागपुरी संत्र्याचे प्रमुख परदेशी गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे बांगलादेश. त्या देशाने २०१९-२० मध्ये किलोमागे २० टके असलेले आयातशुल्क २०२२-२३ पर्यंत ८८ टक्यांवर नेले. त्याची झळ वरूड-मोर्शीच्या बागाईतदाराला बसली. यावर ‘रसाचे कारखाने काढा’ हा उपाय सांगणे सोपे आहे. परंतु ब्राझील ज्याचा रस विकतो ते फळ आपल्या मोसंबीचे भावंड होय. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की कडवट होतो. शिवाय परदेशी ग्राहक बिनबियांचे फळ मागतो आणि आपले फळ बियांचे.

म्हणून निर्यात-अनुदानाने एखादा हंगाम सावरेल, धंदा सावरणार नाही. बिनबियांच्या वाणांची निरोगी कलमे, फळांची प्रतवारी, शीतगृहे आणि देशांतर्गत दूरच्या शहरांची बाजारपेठ यांवर खर्च झाला पाहिजे. त्याचे फळ मिळण्यास काही वर्षे लागतील. परंतु संत्र्याचे झाड तरी लावल्याबरोबर कोठे फळते?