रायसीना टेकडीवरची आवक-जावक

राष्ट्रपती भवन पाहून आलेली मंडळी घरी येऊन सांगतात ते घोड्यांविषयी. राष्ट्रपतींचं अंगरक्षक दल आहेच तसं देखणं. वॉरन हेस्टिंग्जने 1773 मध्ये बनारसला उभं केलेलं हे दल भारतीय सैन्यातली सर्वांत ज्येष्ठ पलटण मानलं जातं. त्यांच्या मागे लट्यन्सने आखलेली 340 खोल्यांची वास्तू, आणि ठरावीक दिवसांत सगळ्यांसाठी उघडणारं अमृत उद्यान. पर्यटक एवढं पाहून तृप्त होतो. राष्ट्रपतिपद रोज ज्यावर चालतं ते काम मात्र त्याच्या वाटेत येत नाही. ते राष्ट्रपती सचिवालयात, कागदावर चालतं.

या कारभाराची ढोबळ विभागणी अशी: फायली आणि मंत्रालयांशी व्यवहार राष्ट्रपतींच्या सचिवांकडे, समारंभ आणि दौरे लष्करी सचिवांकडे. सोबत पाच एडीसी (परिसहायक). त्यांतले तीन सैन्याचे, एक नौदलाचा, एक हवाई दलाचा.

केंद्र सरकारचा प्रत्येक आदेश राष्ट्रपतींच्या नावाने निघतो, पण 74व्या कलमानुसार ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागतात. मग या कार्यालयाच्या हातात उरतं काय? वाचणं, आणि एकदा परत पाठवणं. 1978च्या 44व्या घटनादुरुस्तीने हा अधिकार स्पष्ट शब्दांत दिला. के. आर. नारायणन यांनी ऑक्टोबर 1997 मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस परत धाडली आणि मंत्रिमंडळाने तिचा नाद सोडला. उलट मे 2005 मध्ये डॉ. कलाम मॉस्कोत असताना बिहार विधानसभा बरखास्त करण्याचा कागद अपरात्री तिथे पोचला आणि सही होऊन आला. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. सहीच्या आधी शांतपणे वाचायला मिळालेला वेळ, हीच या कार्यालयाची खरी ताकद आहे.

त्या वाचनाचा सर्वांत जड भार दयेच्या अर्जांचा. 72व्या कलमाखाली राष्ट्रपती फाशी माफ करू शकतात. अर्ज निघतो तुरुंगातून. आधी राज्यपाल, तिथे नकार मिळाला की केंद्रीय गृह मंत्रालय. मंत्रालय राज्याचा अभिप्राय मागवतं, निकालपत्रं जमवतं, टिपण तयार करतं, गृहमंत्र्यांची शिफारस जोडतं, आणि मग फाईल रायसीना टेकडी चढते. राष्ट्रपतींसमोर ती येते तेव्हा कैदी, साक्षीदार, बळींचे नातेवाईक, कोणीच समोर नसतं. असतं ते कुणीतरी लिहिलेलं टिपण. ते लिहिणाऱ्याने काय ठेवलं आणि काय गाळलं, यावर एका माणसाचं जगणं तोललं जातं. टिपण लिहिणाऱ्याचं नाव आपल्याला कधी कळत नाही. त्याने ते काम जीव ओतून केलेलं असावं, एवढंच आपण मागू शकतो.

प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा आधीच्या कारकिर्दींतले असे बरेच अर्ज तुंबून होते. डॉ. कलामांनी पाच वर्षांत निकाली काढले ते फक्त दोन. प्रतिभाताईंनी तीसहून अधिक जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. टीकेचा मारा त्यांच्यावर झाला, जरी त्या माफ्या गृह मंत्रालयाच्या शिफारशीनुसारच होत्या. त्यांतली एक माफी अंगावर काटा आणते. बेळगावच्या तुरुंगातला एक कैदी ऑक्टोबर 2007 मध्ये आजाराने वारला. त्याची फाशी रद्द केल्याचा आदेश निघाला जून 2012 मध्ये. साडेचार वर्षं त्याची फाईल चालत राहिली. तुरुंगाच्या नोंदवहीत तो नव्हता, पण दिल्लीच्या कागदावर तो अजून दयेची वाट पाहत होता.

हीच यंत्रणा एका रात्रीत धावूही शकते. 29 जुलै 2015 रोजी मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात दोषी ठरलेल्या याकूब मेमनचा नवा अर्ज राष्ट्रपती भवनात आला. गृहमंत्री राजनाथ सिंह स्वतः तिथे गेले, रात्री उशिरा प्रणव मुखर्जींनी अर्ज फेटाळला, पहाटे तीननंतर सुप्रीम कोर्ट बसलं आणि सकाळी नागपूर तुरुंगात फाशी झाली. म्हणजे फाईल हलते. प्रश्न आहे तो कोण ढकलतो, याचा.

ढकलणारं कोणी नसलं की काय होतं ते कोल्हापूरच्या बालहत्याकांडात दिसलं. त्यात दोषी ठरलेल्या दोघी बहिणींची फाशी सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये कायम केली. दयेचा अर्ज फेटाळला गेला तो 2014 मध्ये. जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. कारण एकच: अर्जावर निर्णय व्हायला सात वर्षं दहा महिने लागले, आणि त्याचं पटेल असं उत्तर सरकारकडे नव्हतं. अशा अवाजवी विलंबामुळे फाशी जन्मठेपेत बदलता येते, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2014 मध्ये, एकाच निकालात पंधरा जणांची फाशी रद्द करताना ठरवून दिलं होतं. फाशीच्या बाजूचा असो वा विरोधातला, कुणाचंच समाधान अशा शेवटाने होत नाही. मुलं गमावलेल्या आईबापांना राष्ट्राने तोलूनमापून दिलेलं उत्तर मिळालं नाही. जो निवाडा सर्वोच्च पदाने करायचा, तो साचलेल्या दिवसांनी केला.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 472व्या कलमाने पहिल्यांदाच या प्रवासाला मुदती घातल्या. राज्यपालांकडे तीस दिवसांत अर्ज, तिथून नकार आला की साठ दिवसांत राष्ट्रपतींकडे. गृह मंत्रालयाने शिफारस करायची साठ दिवसांत, आणि राष्ट्रपतींचा आदेश हाती आला की तो राज्याला व तुरुंगाला कळवायचा 48 तासांत. मेलेल्या कैद्याला माफी देणाऱ्या देशाला हे हवंच होतं. पण मंत्रालयाचे साठ दिवस मोजायचे ते राज्याचा अभिप्राय आणि तुरुंगाचे कागद आल्यावर. ते किती दिवसांत पाठवायचे याला मुदत नाही. राष्ट्रपतींच्या टेबलावर फाईल किती दिवस राहावी, यालाही नाही. राष्ट्रपतींना मुदत नसणं समजू शकतं, कारण जीव घ्यायचा की नाही हे घड्याळ लावून ठरवू नये. मंत्रालयातल्या एखाद्या कपाटाला मात्र ती सवलत देण्याचं काहीच कारण नाही.