पश्चिमेची गॅलरी

डोंबिवली पूर्वेत तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी. दहा फूट लांब, चार फूट रुंद, तोंड थेट पश्चिमेला. घरच्या काका-काकूंनी तिला सरकत्या काचा बसवून ती हॉलमध्ये घ्यायचं जवळजवळ ठरवलंच होतं. “मे महिन्यात तिथे पाय ठेवता येत नाही, आणि जून लागला की सगळं चिंब. मग ती जागा आत घेतली तर काय बिघडलं?” काकूंचा प्रश्न रास्त होता. उघड्यावरच्या जागा बसण्याजोग्या करून देणं हे माझं काम, आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंत हा प्रश्न मला घरोघरी ऐकू येतो. उत्तर देण्याआधी माझी एक अट असते: जागा दुपारी चारनंतर पाहायची. सकाळी पश्चिमेची गॅलरी कुणालाही आवडते.

मी जाण्याआधी काकांना फोनवर सांगून ठेवलं होतं की दर तासाला उन्हाची कड जिथे पोचेल तिथे लादीवर खडूने रेघ मारा. त्यांनी वेळेसकट रेघा मारल्या होत्या. दीडला गॅलरीच्या निम्म्यावर असलेलं ऊन साडेचारला दार ओलांडून हॉलमध्ये शिरलेलं. त्या रेघा पाहिल्या की अर्धा आराखडा तिथेच तयार होतो.

कारण सूर्याचा हिशेब पक्का असतो. आपण साधारण १९.२ उत्तर अक्षांशावर राहतो. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस भर माध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येतो. एप्रिलच्या मध्यावर तो दुपारी इतका उंच असतो, की दक्षिणेच्या भिंतीवरचा दोन फुटांचा छज्जा खालची दहा फूट भिंत सहज सावलीत ठेवतो. डिसेंबरात तोच माध्यान्हीचा सूर्य ४७ अंशांपर्यंत खाली उतरतो, त्याच छज्ज्याखालून ऊन आत येतं आणि ते हवंसंही वाटतं. म्हणून दक्षिणेची गॅलरी फार त्रास देत नाही. पश्चिमेला मात्र छज्जा पुरत नाही. मेअखेर साडेचारला सूर्य क्षितिजापासून साधारण ३५ अंशांवर असतो, साडेपाचला २१ वर. ऊन तिरपं होत होत आडवं येतं, आणि आडव्या उन्हाला उभी सावली लागते.

पण पश्चिमेकडून ऊन एकटं येत नाही. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडचा वारा तिकडूनच वाहतो. पावसाळ्यातली झडही बहुतेक पश्चिम आणि नैर्ऋत्येकडूनच येते, आणि या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ऊन, वारा आणि पाऊस यांची वाट एकच आहे. इथल्या उघड्या जागांचं सगळं कोडं यात आहे. काच वारा आणि पाऊस अडवते, उन्हाला मात्र पुरतं अडवत नाही. ऊन काचेतून आत येतं, लादी तापवतं आणि ती उष्णता आतच कोंडून राहते. मग एसी लागतो.

आपला उकाडा दमट आहे. अंगावरून वारा फिरला नाही तर घाम सुकत नाही. विदर्भात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं की खोली गार होते, कारण तिथली कोरडी हवा पाणी पटकन शोषून घेते. डोंबिवलीत मे महिन्यात तेच केलं तर आधीच ओलसर असलेल्या हवेत आणखी ओल मिसळते आणि जीव जास्त घाबरा होतो. म्हणून इथे गारवा निर्माण करायच्या मागे लागू नये. सावली द्यावी आणि वारा मोकळा ठेवावा.

काकूंच्या गॅलरीला आम्ही बांबूच्या चिका लावल्या. त्या विणणाऱ्या बुरूड कारागिराजवळ बसून मी त्याचं काम पाहिलं. बांबू उभा चिरायचा, पात्या तासून सारख्या करायच्या, मग दोऱ्याच्या विणीत एकेक पाती अडकवत जायची. दोन पात्यांमध्ये तो मुद्दाम फट ठेवत होता. मी फट थोडी कमी करायला सांगितली तेव्हा तो हात न थांबवता म्हणाला, “ताई, दाट विणलं की वारा मरतो.” चिक कठड्याच्या बाहेरच्या अंगाला, वीतभर अंतर ठेवून टांगली. आतून लावलेला पडदा तापतो तेव्हा उष्णता आधीच घरात आलेली असते. बाहेरची चिक तापली तरी ती उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. वर आणि खाली फूटभर जागा मोकळी ठेवली, म्हणजे गरम हवा छताखाली साचत नाही. शेडनेट वापरायची असेल तरी हेच लागू होतं. पन्नास ते पंच्याहत्तर टक्के सावलीची जाळी पुरते. नव्वद टक्क्यांची जाळी उन्हाबरोबर वाराही अडवते.

एका कोपऱ्यात ड्रममध्ये मधुमालती लावली. ती भराभर वाढते, उभी सावली धरते आणि संध्याकाळी गंध देते. वेल ग्रिलवर न चढवता फूटभर पुढे ताणलेल्या तारांवर चढवली, म्हणजे पानांमागून हवा खेळते. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून पुसायच्या, हे काकूंना निक्षून सांगितलं, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो.

पावसाचं काय? जूनच्या तोंडावर चिका उतरवून ठेवायच्या आणि गॅलरी भिजू द्यायची. जुन्या घरांच्या पडव्यांना पावसाळ्याआधी झाप बांधत, तरी पडवीतली जमीन ओली होईच. फक्त पाणी थांबत नसे. इथेही गुळगुळीत टाइल काढून खरबरीत शहाबादी लादी घातली आणि बाहेरच्या बाजूला नीट ढाळ दिला. बसायला नवारीची बाज ठेवली. दमट दिवसात गादीच्या खुर्चीपेक्षा ती कितीतरी सुखाची, कारण तिच्या खालूनही वारा लागतो. झड आली की उचलून आत घ्यायची.

कल्याणला खाडीच्या बाजूच्या एका इमारतीत गच्चीचं काम पाहिलं, तिथे प्रश्न वजनाचा होता. रहिवाशांना मातीचे वाफे करून बाग हवी होती. भारतीय मानकानुसार वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी दर चौरस मीटरला साधारण १५० किलो वापराचा भार धरतात. सहा इंच जाडीची ओली माती तेवढ्याच जागेत अडीचशे किलोच्या पुढे जाते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने हे सांगितल्यावर वाफे रद्द झाले. कोकोपीट मिसळलेल्या हलक्या कुंड्या खांबांच्या आणि तुळयांच्या रेषेत ठेवल्या.

त्याआधी गच्चीची जमीन झाली. विटांच्या तुकड्यांचा कोबा, पाण्याच्या तोटीकडे ढाळ, कठड्याच्या सांध्यात सिमेंटची गोलाई आणि वर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझेक. मिस्त्री बायका उकिडव्या बसून एकेक तुकडा हाताने दाबत होत्या. मग आठवडाभर पाणी कोंडून गळती तपासली. पांढरं मोझेक ऊन परतवतं. उघडा काळपट स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खालच्या घरात सोडत राहतो. वरच्या मजल्यावरचे लोक रात्री तळमळतात त्याचं मोठं कारण हेच. मोझेकवर एका कोपऱ्यात लोखंडी पाइपांचा मांडव उभारला आणि त्यावर दोडका, तोंडली चढवली. पत्र्याची शेड नको, असं मी आग्रहाने सांगितलं. उन्हात पत्रा डोक्यावरच्या तव्यासारखा तापतो, आणि बांधकामाला महापालिकेची परवानगी लागते ती वेगळीच.

प्रत्येक जागेचं उत्तर निराळं असतं. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत येऊरच्या पायथ्याशी असलेल्या इमारतींमध्ये खालच्या मजल्यांवर सूर्य डोंगराआड लवकर जातो. तिथे चिकांची गरज कमी आणि डोंगराने अडवलेल्या वाऱ्याला वाट करून द्यायची गरज जास्त. मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर संध्याकाळी गर्दी का होते, तेही यातूनच समजतं. पाण्याच्या मोकळ्या पसाऱ्यावरून वारा विनाअडथळा येतो, आणि काठाची झाडं ऊन झेलतात. त्यासाठी तिथे कुठलंही यंत्र लागत नाही.

गॅलरी बंद करणं हा एका कुटुंबाचा निर्णय, पण गच्ची सगळ्यांची असते आणि आपल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये तिला कुलूप असतं. वन-रूम-किचनमध्ये राहणाऱ्या मुलांना आणि दुपारभर पंख्याखाली बसलेल्या आजी-आजोबांना संध्याकाळचा वारा मिळण्याची ती एकमेव जागा असू शकते. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. यंदाच्या विषयपत्रिकेत तीन गोष्टी घाला: गच्चीच्या स्लॅबची इंजिनिअरकडून तपासणी, पांढरं मोझेक आणि पश्चिमेच्या बाजूला वेलींचा एक मांडव. सप्टेंबरात ठराव झाला, तर हिवाळ्यात काम उरकतं आणि वेल एप्रिलच्या आत मांडव धरते.